उत्तम विचारायला आला होता

संपादकांनी माझ्याकडे मागितला होता तो लेख वेगळाच होता. लढाई संपली, बोटी पुन्हा सुरू झाल्या, आपल्याकडची मुलं परत विलायतेला निघाली आहेत... तेव्हा एखाद्या टर्मपुरतं तिकडच्या युनिव्हर्सिटीत शिकायला जाणाऱ्यांसाठी उपयोगाच्या चार सूचना लिहा, असं त्यांचं पत्र आलं. तीन-चार वेळा लिहायला बसलो. ट्रंक कशी भरावी इथपर्यंत यायचो आणि पेन खाली ठेवायचो. शेवटी ठरवलं, सूचना लिहायच्या तर आधी हे लिहिलं पाहिजे. म्हणून हा मजकूर त्यांच्या अनुभवांच्या सदराकडे पाठवतो आहे. छापायचा की नाही ते त्यांनी पाहावं.

मी वाशीमच्या एका शाळेत सायन्स शिकवतो. भूत, चकवा, करणी असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. नव्हता म्हणजे – मी त्यांची टिंगल करणारा माणूस. आमच्या गल्लीतल्या एका बाईच्या अंगात यायचं, तर मी भर ओसरीवर तिची नाडी मोजून ती ठणठणीत असल्याचं जाहीर केलं होतं. घरचे लोक त्यावरून महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. आजही कुणी सांगितलं की अमक्याला अमुक दिसलं, तर माझा पहिला प्रश्न असतो, उजेड किती होता? म्हणून आधीच सांगून टाकतो – उजेड भरपूर होता. नोव्हेंबरातली दुपार, अडीचचा सुमार, आणि शाळेतल्या मास्तरांच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या.

पण त्या दुपारच्या आधी मला माझं स्वतःचं सांगावं लागेल. तेच जड जातं.

लढाईच्या सात-आठ वर्षं आधी मला एका संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली होती. इंग्लंडात उत्तरेकडच्या एका शहरात युनिव्हर्सिटीत एक टर्म राहायचं, तिकडे शास्त्रविषय कसे शिकवतात ते पाहायचं आणि परत यायचं. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, दहा आठवडे. आमच्या शाळेतून विलायतेला जाणारा मी पहिलाच. अकोल्याच्या मोटारीत बसवून द्यायला निम्मं गाव आलं होतं.

दहा आठवड्यांची टर्म... आणि मी सातव्या आठवड्यात परत फिरलो.

काय झालं असं विचाराल तर सांगण्यासारखं काहीच झालं नाही. कुणी अपमान केला नाही, कुणी हाकललं नाही. दुपारी चारला अंधार पडायचा. धुकं असं, की समोरच्या घराची खिडकी दिसू नये. दिवसच्या दिवस मराठी शब्द कानावर पडत नसे. आधी एक लेक्चर चुकवलं, मग दोन, मग खोलीतून बाहेर पडणंच सोडलं. लँडलेडी ताट दाराबाहेर ठेवून जायची. मी पलंगावर बसून भिंतीच्या कागदावर छापलेली फुलं मोजत राहायचो. एके दिवशी ती मोजता मोजता रडू फुटलं ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी बोटीच्या ऑफिसात गेलो आणि परतीचं तिकीट अलीकडच्या बोटीचं करून घेतलं.

मुंबईला उतरलो, पण वाशीमला आलो नाही. कोणत्या तोंडानं येणार? गिरगावात मावसभाऊ राहत होता. त्याला तब्येतीचं कारण सांगून तीन-साडेतीन आठवडे त्याच्या आतल्या खोलीत दडून राहिलो, आणि टर्म पुरी करून निघालेला माणूस ज्या सुमारास पोचला असता, त्या सुमारास मोटारीतून वाशीमला उतरलो. हार झाले, पेढे झाले, शाळेत सभा झाली. हेडमास्तरांनी माझ्या गळ्यात हार घालून सांगितलं की आमचे मास्तर परक्या मुलखात एकटे राहून संपूर्ण टर्म पुरी करून आले. मी खाली मान घातली. लोकांना तो विनय वाटला.

त्यानंतर वाशीम-रिसोडकडचा कुणीही विलायतेचं नाव काढू लागला की त्याला माझ्याकडे पाठवत. मीही ऐटीत सांगायचो. खरं म्हणजे मला सांगायला आवडायचंही. बोलता बोलता मला स्वतःलाच वाटू लागायचं, की मी दहाही आठवडे तिथे काढले.

उत्तम माझ्याकडे आला तो असाच. माझाच विद्यार्थी. रिसोडजवळच्या खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. इथे आमच्या शाळेत शिकला, पुढे नागपूरला शेतकीची पदवी घेतली, आणि मी गेलो त्याच्या तीन वर्षांनी त्याला तीच शिष्यवृत्ती मिळाली. कपाशीवरच्या रोगांचा अभ्यास करायला एक टर्म, त्याच युनिव्हर्सिटीत. मोठा सरळ मुलगा. वर्गात काही सांगितलं की मान हलवून लिहून घ्यायचा, आणि लिहिलेलं पाळायचा. पाळायचा हे इथे मुद्दाम लिहितो.

श्रावणातल्या एका रविवारी तो सकाळीच आला आणि जेवणवेळेपर्यंत बसला. मी सांगत होतो, तो लिहीत होता. बोटीवर दोन ट्रंका घे. जी वाटेत लागणार नाही तिच्यावर तशी चिठ्ठी लाव म्हणजे ती तळाला टाकतील, रोजचे कपडे केबिनमधल्या लहान ट्रंकेत ठेव. ओव्हरकोट मुंबईत शिवू नकोस, तिकडे जाऊन घे, इथला कपडा तिकडच्या ओल्या थंडीला पुरत नाही. लोकरीचे पायमोजे मात्र जास्तीचे ने. लोणच्याच्या बरणीचं तोंड मेणानं बंद कर. मेतकूट ने, ते तिकडच्या कशावरही चालतं. पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच रजिस्ट्रारकडे नाव नोंदव आणि प्रोफेसरला स्वतः जाऊन भेट, तो बोलावील म्हणून वाट पाहू नकोस. अंघोळीचं लँडलेडीला आदल्या दिवशी सांगावं लागतं. नाणं टाकलं की पेटणारी गॅसची शेगडी असते, तिच्यापाशी खिडकी थोडी उघडी ठेवून बस.

हे सगळं बरोबर होतं. आजही मी कुणाला हेच सांगेन.

मग त्यानं पेन्सिल थांबवली आणि विचारलं, "सर, तुमाले तिकडं करमलं काय?"

मी म्हणालो, पहिले आठ दिवस जरा जड जातात, मग दिवस कसे गेले ते कळतसुद्धा नाही. आणि पुढे त्याच ऐटीत हेही सांगितलं, की तिकडे आपलं दुखणंखुपणं बोलून दाखवायची पद्धत नाही. कुणी 'कसं काय' विचारलं तर 'उत्तम' म्हणायचं – तुझं तर नावच ते आहे. आपण कुरकुर केली तर हिंदुस्थानातली माणसं कच्ची, असं त्यांना वाटतं. तो हसला, आणि त्यानं तेही लिहून घेतलं.

सप्टेंबरात तो गेला. एडनहून एक पत्र आलं. ऑक्टोबरात तिथून दुसरं – सर, तुम्ही सांगितलं तसंच सगळं आहे, ओव्हरकोट घेतला, प्रोफेसर चांगले आहेत. त्यानंतर पत्र नाही. मी काही विचार केला नाही.

आता ती दुपार. गुरुवार होता. पाचवा तास मला मोकळा असायचा. मी टेबलाशी वह्या तपासत होतो आणि समोर खिडकीपाशी हेडमास्तर वर्तमानपत्र वाचत बसले होते. खोलीत आणखी कुणी नव्हतं. दारात कुणीतरी उभं राहिल्यासारखं वाटलं म्हणून मान वर केली, तर उत्तम.

पायघोळ काळा ओव्हरकोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. आमच्याकडे नोव्हेंबरात दुपारी सदरा नकोसा होतो, आणि हा लोकरी कोट घालून उभा. चेहरा उतरलेला, ओठ कोरडे. एका हातानं दाराची चौकट धरली होती.

मला भीती वाटली नाही. भुताचा विचार मनाला शिवलासुद्धा नाही. मनात काय आलं ते लिहायला हात कचरतो, पण त्यासाठीच तर लिहायला बसलो आहे. मी मनातल्या मनात आठवडे मोजले. सातवा आठवडा. म्हणजे इथे पोचायला त्यानं तिसऱ्या-चौथ्याच आठवड्यात बोट धरली असणार. हाही पळून आला. माझ्याही आधी पळून आला. आणि मला बरं वाटलं. तीन वर्षं छातीवर ठेवलेलं काहीतरी उचलल्यासारखं हलकं वाटलं.

त्यानं नमस्कार केला नाही. एकदम विचारलं, "सर, एक खरं सांगा. तुमी पुरी टर्म काढली होती?"

आवाज बसलेला होता, पण शब्द स्वच्छ होते. मी हेडमास्तरांकडे पाहिलं. त्यांचं तोंड वर्तमानपत्रामागे होतं. पण कान तर उघडे होते. याच माणसानं माझ्या गळ्यात हार घातला होता.

मी म्हणालो, "हो. अगदी शेवटच्या दिवसापर्यंत."

त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. नेहमीसारखी मान हलवली. मग म्हणाला, "बरं. मंग मी राह्यतो." आणि वळून व्हरांड्यातून गेला.

राहतो म्हणजे कुठे राहतो, हे मला कळलं नाही. हेडमास्तरांनी वर्तमानपत्र खाली न घेता विचारलं, कोण होतं? मी म्हणालो, एक जुना विद्यार्थी. मग दोन मिनिटांनी उठून व्हरांड्यात आलो. तो दिसला नाही. फाटकाशी आमचा नवा शिपाई लक्ष्मण पाण्याच्या माठापाशी बसला होता. त्याला विचारलं, कोटवाला कुठे गेला?

लक्ष्मण म्हणाला, "पाह्यलं नाई जी. जाताना मले पानी मांगतलं त्यानं. दोन लोटे पेला. लय तहानलेला होता. मी लोटा ठेवाले वाकलो, तवर गेला."

शाळा सुटेपर्यंत मी त्याची वाट पाहिली. वाटलं, एकटा गाठून सगळं बोलेल, रडेल कदाचित... आणि मग मीही त्याला माझं सांगेन. असं मला वाटलं होतं, ते मी इथे लिहितो, पण त्याला आता काही किंमत नाही. तो आला नाही. रिसोडला गेला असेल म्हणून सोडून दिलं. रविवारी बाजारात त्याच्या गावचा एक माणूस भेटला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, उत्तमचं काय? तो म्हणाला, विलायतेत आहे, मागल्या आठवड्यात कार्ड आलं, खुशाल आहे. मी मनात हसलो. म्हटलं, हाही कुठेतरी दडून बसलाय. माझ्यासारखाच.

मंगळवारी टेलिग्राम आल्याचं गावात कळलं. उत्तम रविवारी तिकडे वारला होता. न्यूमोनियानं.

मी शाळेतून घरी आलो आणि आतली कडी लावून बसलो. पहिला विचार असाच आला, की भूत म्हणतात ते हेच. पण नाही, तसंही नव्हतं. तो रविवारी गेला. गुरुवारी तो जिवंत होता. जिवंत माणूस, सहा हजार मैलांवर.

रिसोडला भेटायला जायला हवं होतं. गेलो नाही. शाळेचं कारण होतं, तब्येतीचं कारण होतं, माझ्याजवळ कारणांना कधी तोटा नव्हता.

तीन आठवड्यांनी त्याचे वडील स्वतःच आले. गोविंदराव. उंच, वाकलेले, धोतर धुळीनं गुडघ्यापर्यंत लाल झालेलं. लँडलेडीचं पत्र आलं होतं, इंग्रजीत. टेलिग्राम त्यांना रिसोडच्या पोस्टमास्तरनं वाचून दाखवला होता, पण हे पत्र त्यांना त्याच्याकडून वाचून घ्यायचं नव्हतं. म्हणाले, "तुमी त्याचे मास्तर. तो घरी तुमचंच नाव घ्याचा. तुमीच वाचा."

शाळेच्या ओसरीवर आम्ही दोघं बसलो. दुपारच होती. मी पत्र मांडीवर धरलं आणि ओळीखाली बोट फिरवत एकेक वाक्य मराठीत सांगू लागलो. मुलांना वाचून दाखवताना लागलेली सवय.

बाईंनी मोठ्या मायेनं लिहिलं होतं. तुमचा मुलगा फार सभ्य होता. आठ दिवसांपासून तो खोकत होता, पण विचारलं की म्हणायचा, मी छान आहे. मला आधी कळलं असतं तर मी डॉक्टरला आणलं असतं, पण तो हसून दार लावून घ्यायचा. गुरुवारी सकाळी मात्र तो स्वतः खाली आला. ताप खूप होता. म्हणाला, मला इथे राहणं होणार नाही, मला हॉस्पिटलात न्या आणि नंतर घरी जायची व्यवस्था करून द्या. मी गाडी बोलवायला शेजारच्या घरी निरोप दिला. तो ओव्हरकोट घालून खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. सारखं पाणी मागत होता. मी पाणी आणायला आत गेले तेवढ्यात त्याचा डोळा लागला होता. पाच मिनिटं, दहा मिनिटं... घड्याळात नऊ वाजत होते.

तिकडचे नऊ म्हणजे आमचे अडीच.

माझं बोट त्या पुढच्या ओळीवर थांबलं. मी ती ओळ वाचली, तिच्या खालची वाचली, आणि बोट उचलून तीन ओळी खाली ठेवलं. म्हणालो, मग दुपारी त्याचा ताप वाढला, डॉक्टर संध्याकाळी आले, पण फार उशीर झाला होता. रविवारी पहाटे तो शांतपणे गेला. कॉलेजची सगळी मुलं शेवटच्या निरोपाला आली होती. पत्र संपलं.

गोविंदरावांनी आपला हात पुढे केला आणि मधल्या ओळींवर बोट टेकवलं. नांगर धरून जाड झालेलं बोट.

"मले वाचता येत नाई, मास्तर," ते म्हणाले. "पन तुमचं बोट इथून इथं आलं. मधात काय हाय?"

तिसऱ्यांदा मला खोटं बोलता आलं असतं. काहीतरी मामुली सांगितलं असतं, नावंगावं आहेत, औषधाचं काही आहे. तोंडात आलंही होतं. पण ते बोट तिथून हलत नव्हतं.

मी वाचलं. बाईंनी लिहिलं होतं – तो जागा झाला तेव्हा मी पाण्याचा पेला पुढे केला, तर म्हणाला, नको, आत्ताच प्यालो. गाडी दाराशी आली होती, पण तो उठेना. म्हणाला, मी माझ्या मास्तरांना विचारून आलो. ते शेवटच्या दिवसापर्यंत राहिले होते, मीही राहीन. मला वाटलं तापाची बडबड आहे. पण तो इतक्या ठामपणे म्हणाला, की मी गाडी परत पाठवली. याबद्दल देव मला क्षमा करो.

त्या बाईनं देवाची क्षमा मागितली होती... तिनं!

मग मी गोविंदरावांना सगळं सांगितलं. सातवा आठवडा, मुंबईची आतली खोली, हार, श्रावणातल्या रविवारी दिलेल्या सूचना, गुरुवारची दुपार. तो दारात उभा होता, त्यानं काय विचारलं आणि मी काय सांगितलं. कुठेही न थांबता बोललो. मला वाटलं होतं ते मला वेडा म्हणतील, किंवा उठून मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

ते म्हणाले, "कसा दिसे? बारीक झाला होता?"

मी म्हणालो, हो.

"कोट गरम होता?"

हो, चांगला गरम होता.

"अन् पानी कोनं देल्लं?"

मी लक्ष्मणला हाक मारली. लक्ष्मणला तोवर काहीच माहीत नव्हतं. त्यानं जसं मला सांगितलं तसंच त्यांना सांगितलं, तो कोटवाला कसा आला, कुठे उभा राहिला, दोन लोटे कसा प्यायला. दुसरा लोटा पिताना हनुवटीवरून पाणी ओघळलं, ते त्यानं कोटाच्या बाहीनं पुसलं. हे ऐकताना गोविंदरावांचा चेहरा पहिल्यांदा हलला. ते म्हणाले, उत्तम लहानपणापासून तसंच करायचा, बाहीनं तोंड पुसायचा, माय रागवायची. मग उठून त्यांनी लक्ष्मणचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत.

माझ्याकडे वळले ते निघताना. पत्राची घडी करून त्यांनी बंडीच्या खिशात ठेवली.

"तुमाले माफ करनं मले नाई जमनार, मास्तर," ते म्हणाले. रागावून नाही, हवापाण्याचं बोलावं तसं. "पन उद्या दुसऱ्या कोनाचं पोट्टं तुमच्याकडं इचारायले आलं, तर त्याले पयले हे सांगजा. ट्रंकीचं मंग सांगजा."

पुढच्या आठवड्यात मी हेडमास्तरांना खरं सांगितलं, शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेलाही लिहिलं. गावात व्हायची ती चर्चा झाली. काही दिवस पोरं वर्गात हसायची. ते सोसण्यासारखं होतं. जे उत्तमसाठी करायला हवं होतं ते इतकं सोपं होतं, हे मात्र सोसत नाही.

त्यानंतर लढाई सुरू होईपर्यंत चौघे माझ्याकडे आले. प्रत्येकाला मी आधी हेच सांगितलं – मी सातव्या आठवड्यात पळून आलो. अंगात ताप असला तर त्याच दिवशी लँडलेडीला सांग. मन लागेनासं झालं तर प्रोफेसरला सांग, कॉलेजात एखादा हिंदुस्थानी मुलगा असेल त्याला सांग, आणि तरीही जमलं नाही तर परत ये. टर्म पुन्हा मिळते. त्यांतला एक पाचव्या आठवड्यातच परत निघाला. त्यानं बोटीवरून मला तार केली होती, घरी केली नव्हती. मी त्याला घ्यायला अकोला स्टेशनावर गेलो. तो मान वर करेना. मी त्याच्या ट्रंकेचं एक कडं धरलं, त्यानं दुसरं धरलं, आणि आम्ही मोटारीपर्यंत चालत आलो. आज तो चांगल्या नोकरीवर आहे.

आता राहिला स्पष्टीकरणाचा भाग. माझे एक डॉक्टर स्नेही आहेत, त्यांना मी हे दोनदा तपशिलानं सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या मनात खोटेपणाची बोच होती, तिनंच तो दारात उभा केला. तिकडे त्याच्या मनात तुमच्या गोष्टी होत्या, तापात त्या बाहेर आल्या. दोन्ही एकाच दिवशी घडलं हा योगायोग. मी म्हणालो, बरं. आणि लक्ष्मणचे दोन लोटे? ते म्हणाले, दुसरा कुणीतरी वाटसरू असेल. लोकरी ओव्हरकोटातला वाटसरू, वाशीमला, त्या उन्हात. मी पुढे वाद घातला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो.

उत्तमच्या आईला मी तिसऱ्या वर्षी भेटलो. तोवर धीर झाला नव्हता. रिसोडहून पायी गेलो. गोविंदराव शेतात होते. ती अंगणात सुपात तुरी निवडत बसली होती. मी नाव सांगितलं तेव्हा तिनं एकदा नीट पाहून घेतलं आणि पोतं पुढे सरकवून बसा म्हणाली. तुरीतले खडे काढून बाजूला टाकत राहिली. मग हात न थांबवता तिनं विचारलं, "इतक्या दूरून आला लेकरू. वाशीमपर्यंत आला. इथून वाशीम ते कितीक हाय? मंग घरी काहून नाई आला?"

उत्तर मला ठाऊक होतं. आईकडे गेला असता तर ती म्हणाली असती, घरी ये. ते त्याला न विचारताही माहीत होतं. त्याला जे विचारायचं होतं ते सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि उत्तम नेमका त्याच्याच दारात आला होता.

तिनं सूप खाली ठेवलं आणि चहा ठेवते म्हणून आत गेली. मी अंगणात बसून राहिलो.

तो आला कसा, हे मला आजही सांगता येत नाही. कशाला आला होता, ते माहीत आहे.